एक जूनची माणसं

"आपण कर भरायचा आणि या घुसखोरांनी त्यावर पोसायचं!" हे वाक्य गेल्या वर्षा-दीड वर्षात मी किती ठिकाणी ऐकलं त्याची गणतीच नाही. लग्नाच्या पंगतीत, भिशीत, सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या बाकावर, आणि आमच्या नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर दिवसाआड. बोलणारी माणसं वाईट नाहीत. अडीनडीला धावून येणारी, माझ्या आजारपणात डबा पोचवणारी हीच माणसं आहेत. म्हणून त्यांना उत्तर द्यावंसं वाटतं. तोंडावर बोलायला गेलं की आवाज चढतो, म्हणून इथे लिहिते.

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे "मावशी घुसखोरांची बाजू घेते" असं कुणी म्हणायला नको. देशाला सीमा असते आणि ती ओलांडायला परवानगी लागते, हे मला मान्य आहे. खोटे दाखले विकणाऱ्यांना पकडलंच पाहिजे. त्यासाठी कायदेही आहेत. २०२५ मध्ये संसदेने परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा केला. खोटा पासपोर्ट वापरून आलेल्याला त्यात २ ते ७ वर्षांची कैद आणि १ ते १० लाखांपर्यंत दंड आहे. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

माझं भांडण त्या वाक्यातल्या दोन शब्दांशी आहे. एक 'आपण' आणि दुसरा 'या'.

आधी 'आपण'. कर म्हणजे फक्त आयकर, अशी नोकरदार माणसाची समजूत असते, कारण त्याला तो पगारपत्रकात दिसतो. पण अंगाच्या साबणाची वडी घ्या. सप्टेंबर २०२५ पर्यंत तिच्यावर १८ टक्के जीएसटी होता, आता ५ आहे. मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के आहेच. दुकानदार साबण देताना गिऱ्हाइकाला विचारत नाही, की बाबा तू सांगलीचा, बीडचा, बिहारचा की आणखी कुठला. कर सगळ्यांकडून सारखाच कापला जातो आणि त्यातला अर्धा राज्याच्या तिजोरीत जातो. माझं निवृत्तिवेतनही त्याच तिजोरीतून येतं. म्हणजे ज्या मजुराकडे बोट दाखवून "हा आपलं खातो" असं आपण म्हणतो, त्याच्या साबणातले दोन-चार पैसे दर महिन्याला माझ्या खात्यात जमा होतात! हा हिशेब कुणी मांडत नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगते. वि. स. पागे हे नाव नव्या मुलांना ठाऊक नसेल. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यायचं, ही रोजगार हमीची कल्पना त्यांची, आणि पहिला प्रयोग त्यांच्या विसापुरातला. १९७२ च्या दुष्काळानंतर ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ मध्ये देशाने त्याच धर्तीवर कायदा केला. इथवर आपण अभिमानाने सांगतो. पण पैसा कुठून आला? १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला तो याच कामासाठी. आम्हा शिक्षकांच्या पगारातून तो दरमहा जायचा. पण त्याचा मोठा वाटा भरला मुंबईच्या नोकरदारांनी आणि व्यापाऱ्यांनी. त्यात गुजराती होते, तमीळ होते, सिंधी होते. त्यांच्या पैशावर माण, खटाव, आटपाडी, जत इथल्या आयाबायांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली आणि चूल पेटती ठेवली. माझं माहेर माणातलं. माझ्या माहेरच्या गावात त्या काळात कुणी उपाशी मेलं नाही, ते या कराच्या जोरावर. तेव्हा मुंबईचा एखादा व्यापारी म्हणाला असता, "आम्ही कर भरायचा आणि या माणदेशींनी त्यावर पोसायचं," तर आपल्याला कसं वाटलं असतं?

आणि सरकारी पैसा खरोखर कोण लाटतं, हे बघायचंच असेल तर दूर जायला नको. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. महिना १५०० रुपये. वर्षभरानंतर छाननी झाली तेव्हा सुमारे २६ लाख ३४ हजार जणींचा लाभ थांबवावा लागला. १४ हजारांहून जास्त पुरुषांनी बहीण होऊन पैसे उचलल्याचं उघड झालं, आणि दोन हजारांहून जास्त सरकारी नोकरीतल्या बायकांनीही. यातले ढाक्याहून आलेले किती असतील? ही आपली पगारदार, शिकलेली मंडळी. यांच्यावर ग्रुपवर एकही संदेश मला आलेला आठवत नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून!

आता नात्यातल्या अमेरिकेच्या मुलांकडे वळते, कारण ग्रुपवर सगळ्यात जास्त कडक तेच लिहितात. अरे बाळांनो, तुमच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के जातात ना? त्याची पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षांची नोकरी तिकडे व्हावी लागते. व्हिसा संपून आधी परत आलात तर भरलेले पैसे तिथेच राहतात, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात तसा करार नाही. हे तुम्हीच मला समजावून सांगितलं होतं, चांगलं चिडून! तिकडे कागद नसलेले जे लाखो लोक राबतात, त्यांनी एकट्या २०२२ या वर्षात सुमारे ९६.७ अब्ज डॉलर कर भरला, असा अंदाज तिथल्याच कर धोरणाच्या एका अभ्यासगटाने काढला आहे. त्यातल्या बऱ्याच योजनांचा लाभ त्यांना कधी मिळणार नाही. म्हणजे बाहेरून आलेला माणूस भरतो आणि घरचा माणूस घेतो, असंही जगात सर्रास घडतं.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातात बेड्या, पायात साखळ्या. त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. त्या रात्री आमच्या ग्रुपवर केवढा संताप होता! "गुन्हेगार आहेत का ते? पोटासाठीच गेले होते ना?" असं लिहिणारा आणि आज "सगळ्यांना उचलून फेका" असं लिहिणारा माणूस एकच आहे. दोन्ही वेळी तो मनापासूनच बोलला. पण दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून त्याने एकदा वाचावीत, एवढंच मी म्हणेन.

आता दुसरा शब्द, 'या'. म्हणजे नेमके कोण? माणूस बघून हे कसं ओळखायचं?

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर, साताऱ्यात, कराडात सोन्याचं बारीक काम करणारे बंगाली कारागीर आहेत. ते बंगाली बोलतात. बांगलादेशातला माणूसही बंगालीच बोलतो. मग भाषेवरून ठरवायचं का? तसं ठरवलं की काय होतं ते जून २०२५ मध्ये दिसलं. मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलण्यात आलं. ते भारतीयच होते. पश्चिम बंगाल सरकारने त्यांचे कागद पुढे केल्यावर त्यांना परत आणावं लागलं. ते परत आले म्हणून आपल्याला कळलं, एवढंच.

सांगली-सातारच्या माणसाला तर हे कळायला हवं. विटा, खानापूर, आटपाडी, खटाव या भागातली हजारो कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. तामिळनाडू, केरळ, बंगाल, कुठल्याही मोठ्या गावाच्या सराफ पेठेत जा, आपला माणूस भेटतो. तिकडे तो बाहेरचा असतो. चोरीचं सोनं सापडलं की पहिला संशय गलाईवाल्यावर, ही त्यांची जुनी तक्रार. परमुलखात आपली भाषा कळत नाही अशा पोलीस ठाण्यात बसणं म्हणजे काय, हे विट्याच्या घराघरात ठाऊक आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आणि 'बाहेरचा' हा शब्द एका जागी थांबत नाही. माझी नोकरी उसाच्या पट्ट्यात झाली. दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड टोळ्या यायच्या, मुकादमाकडून उचल घेतलेल्या. कोप्या पडायच्या आणि त्यांची मुलं चार-पाच महिने आमच्या वर्गात बसायची. गावात काही चोरीला गेलं की "टोळीवाल्यांनी नेलं असेल" हे ठरलेलंच. ती मुलं मराठी, पण गावाच्या दृष्टीने बाहेरची. एकदा संशयाची सवय लागली की ती ढाक्यावरून निघते, पाटण्याला येते आणि तिथून बीडला पोचायला तिला वेळ लागत नाही.

"मग कागद तपासा की! ज्याच्याकडे कागद असतील त्याला कशाला भीती?" हा पुढचा प्रश्न. मंडळी, आयुष्यभर शाळेचं जनरल रजिस्टर हाताळलेली बाई म्हणून या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते.

माझा जन्म कागदोपत्री १ जून १९५१ चा. आई सांगायची, शाळूची काढणी चालू होती तेव्हा तू झालीस. म्हणजे माघ-फाल्गुन असणार. पण शाळेत नाव घालताना तारीख सांगता आली नाही की त्या काळचे गुरुजी १ जून लिहायचे. जूनमध्ये शाळा सुरू, वयाचा हिशेब सोपा! तुम्ही आपल्या घरातल्या साठीच्या पुढच्या माणसांचे दाखले काढून बघा. निम्मं घर १ जूनला जन्मलेलं सापडेल. आमच्या शाळेतले सात-आठ शिक्षक एकाच दिवशी एक वर्षाने मोठे व्हायचे. आपल्या पिढीच्या नागरिकत्वाचा पाया म्हणजे हा शाळा सोडल्याचा दाखला, आणि तो एका गुरुजींच्या अंदाजावर उभा आहे.

पुढचं ऐका. माझं लग्न झालं, सासर सांगली जिल्ह्यातलं. तेव्हाच्या रीतीप्रमाणे तांदळात नवं नाव लिहिलं. नाव बदललं, मधलं नाव बदललं, आडनाव बदललं. शाळेच्या दाखल्यावरची मुलगी आणि मतदार यादीतली बाई या दोघींमध्ये एकही शब्द सारखा नाही. निवृत्तीच्या वेळी एका कार्यालयात मला सांगितलं गेलं, की या दोन बाया एकच आहेत हे सिद्ध करा. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, दोन साक्षीदार, सहा महिने हेलपाटे. मी शिकलेली, नोकरीतली, ओळखीपाळखीची. तरी सहा महिने. मग अंगठा उठवणाऱ्या बाईचं काय होत असेल? आसामात ३१ ऑगस्ट २०१९ ला नागरिक नोंदवहीची अंतिम यादी आली तेव्हा १९ लाखांहून जास्त माणसं बाहेर राहिली. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या, माहेरशी नातं दाखवणारा कागद नसलेल्या बायकांचे हाल तिथे सगळ्यात जास्त झाले. मला त्याचं मुळीच नवल वाटलं नाही.

कोयनेचं घ्या. १९६० च्या दशकात धरण झालं. पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांतली गावं शिवसागराच्या पाण्याखाली गेली. माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीला पांगली. त्यांनी आजोबांच्या गावचा पुरावा कुठल्या तलाठ्याकडून आणायचा? आणि पारधी, वैदू, माकडवाले यांना तर गावच नाही. विमुक्त-भटक्यांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. पालात राहणाऱ्या माणसाने १९६१ चा पत्ता द्यायचा! आपल्याच मातीतली ही माणसं. उद्या "नागरिकत्व दाखव" म्हटलं तर सगळ्यांत आधी हीच अडकणार.

कायदा काय म्हणतो तेही बघू. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. १ जुलै १९८७ पासून आई-वडिलांपैकी एक तरी नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे आजच्या वीस वर्षांच्या पोराचं नागरिकत्व त्याच्या आईवडिलांच्या कागदांवर आणि त्यांचं आमच्यासारख्यांच्या १ जूनवर. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं, की नुसतं आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कुणी नागरिक ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, आधार हे रहिवाशाला मिळतं. पण मग सांगा, तुमच्या कपाटात त्याशिवाय काय आहे? पासपोर्ट किती घरांत आहे?

या सगळ्यावर कडी म्हणजे कायद्यातलं एक कलम. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात, इंग्रजांच्या काळापासून, मी परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच आहे. २०२५ च्या नव्या कायद्यातही ती तशीच ठेवली. चोरीच्या खटल्यात चोरी झाली हे सरकारने सिद्ध करायचं, आणि इथे मात्र गरिबाने स्वतःला सिद्ध करायचं! माझा आक्षेप आहे तो इथे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या एका खटल्यात बजावलं, की हाती काहीतरी आधार असल्याशिवाय कुणालाही उठवून नागरिकत्व सिद्ध करायला सांगता येणार नाही, आणि नावाच्या स्पेलिंगमधले किंवा तारखांमधले किरकोळ फरक म्हणजे परदेशी असल्याचा पुरावा नव्हे. दाखल्यावर नावं लिहिणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे वाक्य भिंतीवर लावावं.

"मग सोडून द्यायचं सगळ्यांना?" नाही. मी तीन गोष्टी मागते. संशय घेणाऱ्याने आधी आधार दाखवावा. पकडलेल्याला वकील आणि न्यायालय मिळाल्याशिवाय रात्रीतून सीमेपार करू नये. आणि बनावट दाखल्यांचा तपास दाखला विकणाऱ्यापासून सुरू करावा. २०२५ मध्ये राज्याने उशिरा नोंदलेल्या जन्मदाखल्यांची फेरतपासणी हाती घेतली. ठीक आहे, करा. पण उशिरा नोंद म्हणजे खोटी नोंद, हे गणित चुकीचं आहे. घरी बाळंत झालेल्या बायकांच्या या देशात उशिरा नोंद ही कित्येकांची एकमेव नोंद असते.

एवढं केलं तर खरा दोषी सुटतो, असं म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. आपलाच माणूस चुकून सीमेपलीकडे टाकला गेला तर त्याची भरपाई कोण आणि कशी करणार? तुरुंगातून माणूस बाहेर काढता येतो. देशच काढून घेतला तर तो दाद कुठे मागणार?

शेवटी आपल्याच भागातलं एक उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडचे सुमारे ५ हजार निर्वासित राहिले, १९४३ ते १९४८. बहुतेक बायका-मुलं. ते गेल्यावर त्याच छावणीत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं आली. हातात कागद नाही, खिशात पैसा नाही. त्या छावणीचं आज गांधीनगर झालं आहे. सांगली-सातारच्या किती लग्नांचे बस्ते गांधीनगरात बांधले गेले, मोजा! १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून जवळजवळ १ कोटी माणसं आली तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. निर्वासितांसाठी म्हणून पाकिटाला ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. पुढच्याच वर्षी आमच्याकडे दुष्काळाने कंबरडं मोडलं, तरी मार्च १९७३ पर्यंत ते ५ पैसे चालू होते. कुरकुर झाली असेल, पण "आमचे ५ पैसे खातात" असं माझ्या कानावर आलं नाही. आपण तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होतो.

असो. पुष्कळ लिहिलं. माझ्या भावंडांना, भाचरांना, सुनांना एकच विनंती. पुढचा असा संदेश आला की तो पुढे ढकलण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचे कागद काढा. माहेरचं नाव, सासरचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, सगळं एका ओळीत लावून बघा. जमलं तर खुशाल पाठवा. नाही जमलं, तर त्या कागदांची नीट व्यवस्था लावा आणि दुसऱ्याच्या कागदांविषयी जरा दमाने बोला.

तुमच्या घरात १ जूनवाले किती निघाले, तेही कळवा.